स्वनिर्मित डेटाबेस आज्ञावलीची क्लाउडमधील ई-मेल व फाइल सेवांशी जोडणी : जिते–हमरापूर परिसरातील गणेशमूर्ती कारखान्याच्या संदर्भात

सारांश : लहान उद्योगासाठी तयार केलेली डेटाबेस आज्ञावली ई-मेल आणि फाइल-साठवणीच्या क्लाउड सेवांना कशी जोडावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या जोडणीतील अवघड भाग तांत्रिक कमी आणि अधिकाराचा अधिक आहे, हे पेण तालुक्यातील मूर्तिव्यवसायाच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : डेटाबेस, क्लाउड, ओऑथ, ई-मेल, फाइल-ओळख, युनिकोड, पेण.

प्रस्तावना

पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटा सोडल्यानंतर जिते हे स्थानक लागते आणि त्यापुढे हमरापूर. पेण तालुक्यातील या पट्ट्यात हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. पेण शहरातील मूर्तिकलेची परंपरा या गावांत पसरली आणि अनेक कुटुंबांचा तो वर्षभराचा व्यवसाय झाला. येथील मूर्ती महाराष्ट्रभर जातातच; शिवाय परदेशी जाणाऱ्या मूर्ती गणेश चतुर्थीच्या काही महिने आधी समुद्रमार्गे रवाना होतात. कारखान्याचे वर्ष म्हणूनच पंचांगापेक्षा बरेच आधी सुरू होते.

अशा कारखान्याची मागणी-नोंदवही ही त्याची खरी मालमत्ता होय. कोणत्या व्यापाऱ्याने कोणत्या उंचीच्या किती मूर्ती सांगितल्या, कच्च्या हव्यात की रंगवून, डोळ्यांची आखणी कोणाकडे दिली, आगाऊ रक्कम किती आली, हे सारे तीत असते. गेल्या दोन दशकांत अनेक लहान उद्योगांच्या नोंदवह्या संगणकावर आल्या. बहुधा एखाद्या परिचिताने किंवा महाविद्यालयातील विद्यार्थ्याने अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस अथवा मायएसक्यूएल यांत आज्ञावली करून दिली. पुढे तिच्यातून व्यापाऱ्याला ई-मेल जावी, मूर्तीची छायाचित्रे व देयके क्लाउडमध्ये राहावीत, अशी मागणी साहजिकच आली.

पुढील विवेचनासाठी या परिसरातील एक नमुना कारखाना गृहीत धरला आहे. त्यातील अडचणी मात्र काल्पनिक नाहीत. ३० मे २०२२ पासून गुगलने व्यक्तिगत खात्यांसाठी केवळ खातेनाव व पासवर्ड यांवर चालणारा बाह्य आज्ञावल्यांचा प्रवेश बंद केला. संस्थांच्या खात्यांसाठी तो २०२५ मध्ये बंद झाला. मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज ऑनलाइनमधील अशाच साध्या ओळख-पडताळणीचे मार्ग १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बंद केले. एसएमटीपी हा पाठवणीचा मार्ग त्या वेळी वगळला होता, परंतु तोही बंद करण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. ॲक्सेसमधून ई-मेल पाठविण्यासाठी जुन्या आज्ञावल्यांत सर्रास वापरला जाणारा सीडीओ हा विंडोजचा घटक नवी पद्धत जाणतच नाही. परिणामी वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेल्या आज्ञावल्या एके दिवशी गप्प झाल्या. ज्या आज्ञावलीत चूक दाखविण्याची सोय नव्हती, तिथे पत्र गेले नाही हे व्यापाऱ्याचा फोन आल्यावरच कळायचे. परदेशी मूर्तींच्या बाबतीत तो फोन जहाज सुटल्यानंतरही येऊ शकतो.

जोडणी म्हणजे काय

येथे तीन साठे आहेत : कारखान्याचा डेटाबेस, ई-मेल सेवा आणि फाइल सेवा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. डेटाबेस लहान, काटेकोर आणि परस्परसंबद्ध नोंदी सांभाळतो. ई-मेल सेवा पत्रव्यवहार सांभाळते. एकदा गेलेले पत्र परत घेता येत नाही. फाइल सेवा मोठे, बदलते दस्तऐवज ठेवते. एकाचे काम दुसऱ्यावर लादले की बिघाड सुरू होतो. ॲक्सेसच्या एका फाइलची कमाल मर्यादा दोन जीबी आहे. आजच्या मोबाइलवर काढलेले छायाचित्र चार-पाच एमबीचे असते. ती सर्व डेटाबेसमध्येच कोंबली, तर चार-पाचशे छायाचित्रांत फाइल भरते, आणि त्याच्या कितीतरी आधी ती मंदावते.

मालवाहतुकीशी परिचित असलेल्या कोणालाही यावरचा उपाय ठाऊक आहे. माल गोदामात असतो आणि व्यापाऱ्याच्या खिशात बिल्टी असते. डेटाबेसने बिल्टी ठेवावी. पाठविलेल्या पत्राचा आणि चढविलेल्या फाइलचा सेवेने दिलेला ओळख-क्रमांक, तारीख आणि संबंधित मागणीचा क्रमांक एवढेच त्यात लिहावे; पत्र आणि छायाचित्र आपापल्या जागी राहू द्यावे. मागणी उघडली की या क्रमांकावरून पत्र किंवा छायाचित्र मागवता येते.

हे मागवणे व पाठवणे ज्या दारातून होते, त्याला एपीआय म्हणतात. एका आज्ञावलीने दुसरीकडे काय व कोणत्या शब्दांत मागावे, याचा तो ठरलेला करार असतो. गुगलने जीमेल व ड्राइव्ह यांसाठी स्वतंत्र एपीआय दिले आहेत, तर मायक्रोसॉफ्टने आउटलुक, वनड्राइव्ह व शेअरपॉइंट यांसाठी ग्राफ हे एकच सामायिक दार ठेवले आहे. आज्ञावली ॲक्सेसमध्ये असो वा पायथनमध्ये, दारावर जाण्याची रीत तीच. त्यामुळे कोणती संगणकभाषा निवडावी, या प्रश्नावर प्रकल्पाच्या आरंभी जेवढा वेळ खर्च होतो, तेवढ्याची त्याला गरज नसते.

किल्ली आणि मुखत्यारपत्र

जुन्या पद्धतीत आज्ञावलीला मालकाचा पासवर्डच दिला जाई. म्हणजे एखाद्या नोकराला पेटीतील एक कागद आणायला सांगावे आणि त्यासाठी घराची मूळ किल्ली त्याच्या हाती ठेवावी, तसे. पासवर्ड बहुधा आज्ञावलीच्या मजकुरातच लिहिलेला असे. ज्याला फाइल उघडता येई, त्याला तो वाचता येई. एका कामापुरता प्रवेश देण्याची सोय नव्हती, आणि प्रवेश काढून घ्यायचा तर पासवर्डच बदलावा लागे.

आज रूढ असलेल्या पद्धतीचे नाव ओऑथ २.०. ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९ या मानक-दस्तऐवजात तिची मांडणी झाली. तिचे मर्म समजण्यास रायगड जिल्ह्यातील वाचकाला फार कष्ट पडू नयेत, कारण जमिनीच्या व्यवहारांमुळे कुलमुखत्यारपत्र हा शब्द येथे घरोघरी पोहोचला आहे, आणि त्याचे दुष्परिणामही. कुलमुखत्यारपत्राने धन्याचे सर्व अधिकार दुसऱ्याकडे जातात. विशिष्ट मुखत्यारपत्राने नेमून दिलेल्या कामापुरतेच. ओऑथमध्ये खातेधारक सेवेच्या स्वतःच्या पानावर ओळख पटवतो, आज्ञावली कोणते अधिकार मागते ते वाचतो आणि संमती देतो. पासवर्ड आज्ञावलीला दिसतही नाही. तिच्या हाती पडते ते टोकन, म्हणजे ठरावीक कामांपुरते विशिष्ट मुखत्यारपत्र. प्रत्यक्ष कामाचे टोकन साधारण तासाभरात संपते आणि दुसऱ्या, दीर्घ मुदतीच्या नूतनीकरण-टोकनाच्या आधारे नवे मिळते.

अधिकार किती मागावा, हा या साऱ्यातील कळीचा प्रश्न आहे. जीमेलमध्ये केवळ पत्र पाठविण्याचा अधिकार वेगळा मिळतो. तो घेतल्यास आज्ञावलीला आलेली पत्रे वाचता येत नाहीत. ड्राइव्हमध्ये आज्ञावलीने स्वतः निर्माण केलेल्या किंवा वापरकर्त्याने तिच्यातून उघडलेल्या फाइलींपुरता अधिकार मिळतो. नमुना कारखान्याच्या बहुतेक गरजा या दोहोंत भागतात. तरीही विद्यार्थी-प्रकल्पांत संपूर्ण टपालपेटी व संपूर्ण ड्राइव्ह यांचा अधिकार मागितलेला आढळतो, कारण तसे केल्याने सुरुवातीला काही अडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तेथे पत्र पाठविण्याचा अधिकार आज्ञावलीला स्वतःच्या नावाने, म्हणजे वापरकर्त्याच्या उपस्थितीशिवाय दिला, तर तो मुळात संस्थेतील प्रत्येक टपालपेटीला लागू होतो. व्यवस्थापकाने वेगळे बंधन घातले नाही, तर मागणीची पोच पाठविण्यासाठी केलेली आज्ञावली महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या नावानेही पत्र पाठवू शकेल.

प्रकल्प तपासणाऱ्या प्राध्यापकांनी आणखी एक बाब आवर्जून पाहावी. गुगलकडे बाहेरील वापरकर्त्यांसाठी नोंदविलेली आज्ञावली ‘चाचणी’ अवस्थेत असेल, तर पत्र वा फाइलींच्या अधिकाराचे तिचे नूतनीकरण-टोकन सात दिवसांत संपते. तोंडी परीक्षेच्या दिवशी प्रात्यक्षिक उत्तम होते, गुण मिळतात, आणि पुढच्या आठवड्यात कारखान्यातील संगणकावर ती बंद पडते. दोष विद्यार्थ्याच्या आज्ञावलीत शोधला जातो. वस्तुतः तो नोंदणीच्या अवस्थेत असतो. याशिवाय सहा महिने न वापरलेले टोकन रद्द होते, आणि जीमेलच्या अधिकाराचे टोकन खात्याचा पासवर्ड बदलल्यासही रद्द होते. हंगामी व्यवसायाला यातील पहिली अट विशेष जाचक आहे. संस्थेच्या स्वतःच्या वर्कस्पेस खात्यात आज्ञावली ‘अंतर्गत’ म्हणून नोंदविली, तर सात दिवसांची अट लागत नाही.

दोन टप्प्यांची पडताळणी असलेल्या जीमेल खात्यावर जुन्या आज्ञावलीसाठी सोळा अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ अजूनही काढता येतो. हंगामाच्या ऐन मध्यावर अडलेल्या कारखान्याला तो जरूर वापरावा. मात्र ती दुसरी किल्लीच आहे, मुखत्यारपत्र नव्हे. तिने संपूर्ण टपालपेटी उघडते.

पाठवणीची नोंद

मागणी नोंदवितानाच त्याच क्षणी पत्र पाठवावे, अशी रचना सोपी वाटते. पावसाळ्यात वीज व इंटरनेट यांचा भरवसा नसलेल्या गावात ती टिकत नाही. पत्र अडले की मागणीची नोंदही अडते. अथवा उलट, पत्र जाते आणि नोंद राहून जाते. त्याऐवजी डेटाबेसमध्ये ‘जावक’ नावाचा तक्ता ठेवावा. सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते, तसाच. मागणीची नोंद आणि जावक तक्त्यातील ओळ एकाच व्यवहारात लिहावी, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. पाठविण्याचे काम दुसरी लहान आज्ञावली करील. ती दर काही मिनिटांनी जावक तक्ता पाहील, एकेक पत्र पाठवील आणि मिळालेला ओळख-क्रमांक तेथे लिहील.

यातही एक फट राहते. पत्र सेवेकडे पोहोचले, पण पोच मिळण्याआधी संपर्क तुटला, तर काय? पुन्हा पाठविले तर व्यापाऱ्याला एकच मागणी दोनदा मान्य झाल्याचे पत्र जाईल आणि पन्नास मूर्तींच्या शंभर झाल्या, असा समज होऊ शकेल. अशा ओळीला ‘संदिग्ध’ अशी अवस्था द्यावी आणि निर्णय माणसावर सोडावा. त्याने ‘पाठविलेली पत्रे’ उघडून पाहावे. दिवसाला वीस-पंचवीस पत्रे पाठविणाऱ्या कारखान्यात हे काम दोन मिनिटांचे आहे. ते स्वयंचलित करण्यासाठी टपालपेटी वाचण्याचा अधिकार घेणे हा महागडा सौदा ठरेल.

सेवांच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. व्यक्तिगत जीमेल खात्यातून दिवसाला सुमारे ५०० आणि वर्कस्पेस खात्यातून सुमारे २,००० जणांनाच पत्रे जातात. जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे, परंतु टपालासाठी संकेतन केल्यावर फाइलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून १८ एमबीच्या आसपास थांबावे, किंवा छायाचित्रे ड्राइव्हमध्ये ठेवून पत्रात दुवा द्यावा. सेवेने ‘फार मागण्या झाल्या’ असा ४२९ क्रमांकाचा संदेश दिला, तर लगेच पुन्हा धडक न मारता दर वेळी दुप्पट थांबून प्रयत्न करावा. कारखान्याचे स्वतःचे डोमेन-नाव असेल, तर पत्र खरोखर त्याच डोमेनकडून आले हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी आवश्यक ठरतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने त्यांविषयी अधिक कडक धोरण स्वीकारले आहे.

फाइलीचे नाव आणि तिची ओळख

फाइल तिच्या नावाने व फोल्डरने शोधण्याची सवय संगणकाच्या पहिल्या धड्यापासून लागलेली असते. क्लाउडमध्ये ती सोडावी लागते. ड्राइव्हमध्ये फाइलीची ओळख म्हणजे तिला मिळालेली अक्षर-अंकांची लांब खूण. नाव बदलले वा फोल्डर बदलला तरी ती तीच राहते. कारखान्यातील कोणीतरी ‘२०२५’ नावाचा फोल्डर नीटनेटका करायला घेतला, तरी डेटाबेसमधील दुवे तुटत नाहीत. वनड्राइव्हमध्येही एकाच साठ्यात हालचाल होईपर्यंत हेच खरे आहे; एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात फाइल गेली की खूण बदलते.

ड्राइव्हचा आणखी एक विशेष असा की एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली सुखाने नांदतात. चढविताना संपर्क तुटला आणि आज्ञावलीने पुन्हा प्रयत्न केला, तर एकाच देयकाच्या दोन प्रती तयार होतात आणि पुढे त्यांपैकी एकच दुरुस्त केली जाते. ड्राइव्हकडून ओळख-खुणा आधीच मागून घेऊन, त्या डेटाबेसमध्ये लिहून, मग त्याच खुणेने फाइल चढविली, तर दुसरा प्रयत्न नवी प्रत निर्माण करीत नाही. ही सोय उपलब्ध असूनही फारशी वापरली जात नाही.

देवनागरीचे प्रश्न

मराठी उद्योगाच्या डेटाबेसमध्ये जोडणीचा खरा कस येथे लागतो. इंग्रजी मार्गदर्शिकांत यावर काहीच मिळत नसल्याने ते अधिक विस्ताराने मांडणे योग्य होईल.

२००० च्या दशकात भरलेल्या अनेक मराठी नोंदी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांच्या खासगी संकेतांत आहेत. त्या संगणकावर योग्य फाँट असेपर्यंत ‘गणेश’ हे ‘गणेश’ दिसते. प्रत्यक्षात साठविलेली असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. हीच नोंद ई-मेलमधून गेली की व्यापाऱ्याच्या पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. जोडणीआधी या नोंदी युनिकोडमध्ये आणणे अपरिहार्य आहे. केवळ चिन्हास चिन्ह बदलून भागत नाही, कारण या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. जोडाक्षरांपाशी रूपांतरक हमखास चुकतात. व्यक्तिनामांची यादी मराठी जाणणाऱ्या माणसाने एकदा डोळ्यांखालून घालावीच.

युनिकोडमध्ये आल्यावरही सारे सुरळीत होत नाही. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील कोयरीसारखा अर्धा र निरनिराळ्या कळफलकांवर निरनिराळ्या रीतीने उमटतो : कोठे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त, कोठे र, नुक्ता व हलन्त, तर कोठे र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र तीन आडनावे वाटतात. मोबाइलवरून नोंदविलेला ग्राहक आणि संगणकावरून नोंदविलेला तोच ग्राहक डेटाबेसमध्ये दोन होतात, आणि एकाची आगाऊ रक्कम दुसऱ्याच्या खात्यात शोधूनही सापडत नाही. युनिकोडने यासाठी एनएफसी नावाचे प्रमाण-रूप सांगितले आहे. पहिली दोन रूपे त्याने एक होतात. अदृश्य जोडचिन्हाचे तिसरे रूप मात्र त्यात बदलत नाही, त्यासाठी आज्ञावलीत वेगळा नियम लिहावा लागतो. हे काम नोंद आत घेतानाच करावे.

फाइलींच्या नावांबाबतही असेच. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. लिनक्सवर फाइल-नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ एवढ्यातच त्यांतील बरीच खर्ची पडतात. फाइलीचे नाव मागणी-क्रमांकावरून ठेवावे आणि मराठी मजकूर डेटाबेसमध्ये राहू द्यावा.

मालकी कोणाची

व्यापाऱ्यांचे पत्ते, दूरध्वनी आणि देयके ही वैयक्तिक माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ‘दुवा असलेल्या कोणालाही पाहता येईल’ असा पर्याय छायाचित्रांपुरता ठीक. देयकांसाठी तो वापरू नये.

परंतु याहून निकटचा धोका वेगळाच आहे. प्रकल्प करताना विद्यार्थी स्वतःच्या खात्यात आज्ञावलीची नोंदणी करतो, स्वतःच्या ड्राइव्हमध्ये फोल्डर उघडतो. कधी ते खाते महाविद्यालयाने दिलेले असते. गुगलने शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवण जुलै २०२२ मध्ये संपुष्टात आली आणि प्रत्येक संस्थेला १०० टीबीचा सामायिक साठा ठरवून दिला गेला; त्यानंतर उत्तीर्ण विद्यार्थ्यांची खाती बंद करणे अनेक संस्थांना भाग पडले. खाते गेले की आज्ञावलीचे मुखत्यारपत्र जाते आणि त्या खात्याच्या मालकीच्या फाइलीही जातात. मूर्तिकाराच्या तीन वर्षांच्या देयकांचा आणि एका पदवीधराच्या बंद झालेल्या ई-मेलचा संबंध त्या मूर्तिकाराला कोणी समजावून सांगितलेला नसतो. म्हणून नोंदणी पहिल्या दिवसापासून कारखान्याच्या खात्यात असावी. वर्कस्पेस घेतलेले असल्यास फाइली सामायिक ड्राइव्हमध्ये ठेवाव्यात, कारण तेथील फाइलींची मालकी व्यक्तीकडे नसून संस्थेकडे असते. प्रकल्पाला गुण देण्यापूर्वी मार्गदर्शकाने हे हस्तांतरण प्रत्यक्ष पाहावे.

ते पाहण्याची रीत सोपी आहे. अनंत चतुर्दशीनंतर काम सैल पडते, तेव्हा कारखानदाराने स्वतःच्या खात्यातून आज्ञावलीला दिलेली संमती जाणूनबुजून काढून घ्यावी आणि एक मागणी नोंदवावी. मागणी डेटाबेसमध्ये उतरली पाहिजे, जावक तक्त्यात पत्र ‘अडले’ असे मराठीत दिसले पाहिजे, आणि विद्यार्थ्याला फोन न करता, टेबलाशी ठेवलेल्या एका पानावरील सूचना वाचून, कारखानदाराला संमती पुन्हा देता आली पाहिजे. त्यानंतर अडलेले पत्र आपोआप, आणि एकदाच, गेले पाहिजे.